ऊबखोलीत ठेवलेला गोलकीपर

वासाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये! मी बेकरीवाला आहे. भट्टीतला पाव कच्चा आहे की झालाय, ते मी रस्त्यापलीकडे पाठमोरा उभा राहून सांगतो. तेव्हा मुलीच्या हॉकीच्या बॅगेचा वास घालवायचं किरकोळ काम मी अंगावर घेतलं, यात नवल ते काय!

मुलगी शाळेच्या संघाची गोलकीपर. मैत्रिणी तिला 'भिंत' म्हणतात. बाकीच्या मुली हातात काठी घेतात आणि पळतात. ही पोर मात्र पायांना फोमचे जाड पॅड, छातीला कवच, फुगीर हातमोजे, वर हेल्मेट, असा सगळा संसार अंगावर चढवून उन्हात उभी राहते. आत नुसता घाम. तो पॅडमध्ये मुरतो, आणि मुरतच राहतो. बॅगेची चेन उघडली की घरातला टेबलफॅनसुद्धा तोंड फिरवतो!

मागच्या सामन्याला मुलींनी तिला बसच्या शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. बॅग मांडीवर देऊन! घरी आल्यावर तिने बॅग दाराबाहेरच ठेवली. जेमतेम जेवली आणि लवकर झोपली. मला फार लागलं ते.

त्यात परवा तिच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला.

"स्पर्धेला शुक्रवारी दुपारी निघतोय. जाताना तुमच्या बेकरीवरून तिला घेईन. पण बॅग आधी मी स्वतः हुंगणार. वास आला, तर राखीव गोलकीपर खेळेल. राग मानू नका, बाकीच्या मुलींना मळमळतं हो!"

"बाई, शुक्रवारी तुम्ही ती बॅग उशाला घेऊन झोपाल!" मी म्हणालो.

गुरुवारी सगळं सामान टबात बुडवलं. कपड्यांची पावडर, व्हिनेगर, लिंबं, शेवटी बायकोचा शांपू! पाण्याचा रंग बघून बायको म्हणाली, "पोरगी शाळेतच जाते ना? की खाणीत कामाला लागलीय?"

शुक्रवारी सकाळी पॅड पिळून बघतो तर पाण्याची धार! बाहेर आभाळ गच्च भरलेलं. उन्हाचा पत्ता नाही. मी घरभर येरझाऱ्या घातल्या, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा पॅड पिळले, पुन्हा धार. आणि एकदम सुचलं: ऊबखोली!

ऊबखोली म्हणजे आमच्या भट्टीशेजारची बंद खोली. मळलेलं पीठ फुगायला तिथे ठेवतो. खोली गरम, दमट आणि कोंदट असते. घाईत मला त्यातलं 'गरम' तेवढं आठवलं.

बेकरीत माझा थोरला भाऊ भागीदार आहे. दादा ऊबखोलीत बाहेरची चप्पलसुद्धा येऊ देत नाही, तिथे गोलकीपर कुठला येऊ देणार! तो मैदा आणायला गेला तेवढ्यात मी सगळं सामान खालच्या फळीवर, पिठाच्या ट्रेमागे कोंबलं आणि वर रिकामं पोतं टाकलं.

थोड्या वेळाने दार किलकिलं केलं. लगेच लावलं!

वास गेला नव्हता. वास फुगला होता!

तेवढ्यात दादा आला. उंबऱ्यातच थबकला. "काहीतरी मेलंय."

"काय मेलंय?"

"ते कळलं असतं तर 'काहीतरी' कशाला म्हणालो असतो?"

तो नाक पुढे करून फिरू लागला आणि मी त्याच्या मागे. आधी त्याला पिठाचा संशय आला. माझ्या डोळ्यांदेखत सगळं मळलेलं पीठ कचऱ्यात गेलं! मग उंदरांचा आला. मग मोरीचा. त्याने प्लंबरला फोन केला. प्लंबर आला, त्याने एकदाच श्वास घेतला आणि नाकाला रुमाल बांधला.

"हे आजचं नाही. जुनं आहे, मुरलेलं आहे. मोरीखालीच असणार."

"दादा, जरा थांबू या का?" मी चाचरत म्हणालो.

"तू थांब! गिऱ्हाईक थांबेल का?"

गिऱ्हाईक खरंच थांबत नव्हतं. एका आजींनी पाव हातात घेतला, हुंगला. "कालचा आहे का हो?"

"आत्ता भट्टीतून काढलाय, आजी!"

"मग कालच काढायचा होतात," असं म्हणून त्या गेल्या.

मोरीच्या फरशीवर छिन्नी बसली, ठण्! प्रत्येक घावाला मी मनात फरशीचा खर्च मांडत होतो. खरं सांगावं, तर दादा पॅडसकट मला भट्टीत घालणार. गुपचूप सामान काढावं, तर दादा नेमका ऊबखोलीला पाठ टेकून उभा!

एवढ्यात शाळा सुटून मुलगी आली. दारातच तिचा चेहरा उतरला. तिने आपला वास ओळखला होता.

"बाबा, माझं सामान कुठाय?"

दादा मोरीत वाकला, तसे आम्ही दोघं ऊबखोलीत शिरलो. पॅड गरम होते, ओलेच होते, आणि त्यांतून वाफ निघत होती! तिचे डोळे भरून आले.

"बाबा, या खोलीत तुम्ही काय करता?"

"पीठ वाढवतो."

"मग?"

मग काय! खोलीने आपलं काम चोख केलं होतं. पीठ माझं, घाम मुलीचा, असा आपपरभाव तिने केला नाही!

बाहेर बसचा हॉर्न वाजला. सामान बॅगेत भरून बॅग बाहेर आणली. बाई आत आल्या, बॅगेवर वाकल्या. हुंगलं. मग हवा हुंगली. काउंटर हुंगला. कपाटातला पाव हुंगला.

"अहो, हा वास बॅगेचा नाहीच! तुमची सगळी बेकरीच..."

आमच्या वडिलांनी उभी केलेली बेकरी. मी एक शब्द बोललो असतो, तर बेकरीची अब्रू वाचली असती. मुलगी माझ्याकडे बघत होती. मागचा बाक तिच्या चेहऱ्यावर दिसत होता मला.

"हो बाई," मी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणालो. "बेकरीचाच आहे. पहिल्यापासून!"

खिडक्यांतून मुली कळवळल्या. "अगं भिंत! तुला रोज इथे यावं लागतं? बिचारी! ये, माझ्याशेजारी बस, खिडकी घे!"

"हे तर काहीच नाही," पोटची पोर बसमध्ये चढता चढता म्हणाली, "उन्हाळ्यात येऊन बघा!"

तेवढ्यात ड्रायव्हर उतरला, त्याने माझ्या हातातली बॅग घेतली, बसच्या पोटातलं दार उघडलं आणि आत भिरकावली.

"आज मोठी गाडी मिळालीय," तो म्हणाला. "सामान सगळं खालीच."

बस गेली. मी दगडासारखा आत आलो. दादाने छाती भरून श्वास घेतला.

"गेला! अरे, वास गेला!"

मोरीत आता गुडघाभर खड्डा होता. प्लंबरने हात पुसले. "म्हटलं नव्हतं, मोरीच आहे!"

दादाने त्याला मिठीच मारली. मग माझ्याकडे वळला. "बघ, याला म्हणतात कारागीर! नाहीतर तू! सकाळपासून नुसता इकडून तिकडे, तिकडून इकडे!"

"कमाल केलीत हो," मीही प्लंबरचा हात हातात घेऊन म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

स्पर्धा रविवारी संपते. बस पुन्हा बेकरीपाशीच थांबणार आहे. कुणाकडे रिकामी गच्ची असेल तर कळवा.