रविवारी न वाढणारा डाग

छतावरच्या डागाची कड आतल्या भागापेक्षा गडद होती. पाणी पसरताना क्षार कडेपर्यंत ओढून नेतं आणि स्वतः उडून जातं, म्हणून असं होतं. बोर्लीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दुर्गाताई रोज संध्याकाळी स्टुलावर चढून त्या कडेवरून पेन्सिल फिरवत. आज नवी रेघ कालच्या रेघेवरच पडली. रविवारी डाग वाढत नसे.

दिवेआगरच्या या घराची कौलं वादळात उडाली, तेव्हापासून वर स्लॅब होता. त्याखालची ही खोली पर्यटकांना द्यायची. डाग नेमका पलंगाच्या वर होता आणि पाहुणे रात्रभर त्याच्याकडे बघत झोपत. कमलेश कंत्राटदाराने स्लॅबला वॉटरप्रूफिंग केलं, पैसे घेतले. डाग परत आला. मग त्याने न विचारता दुसरा हात मारला आणि दुसरं बिल पाठवलं. आज तो त्यासाठीच आला होता.

"एक पैसा देणार नाही," पडवीतल्या खुर्चीवरून तात्या म्हणाले. दुर्गाताईंच्या यजमानांचा आवाज हल्ली चढाच असे. "दोनदा रंगवलंस, दोनदा गळलं."

"तात्या, समुद्राची हवा. दमट असतं सगळं."

"समुद्र काय गेल्या वर्षी आणून ठेवला इथे? आणि ही 'पाहणी' कसली लावलीस बिलात?"

"वर चढून बघितलं ना मी."

"नुसतं बघायचे पैसे घ्यायला तू काय डॉक्टर आहेस?"

'डॉक्टर' म्हटल्यावर दुर्गाताईंनी मान वर केली आणि तात्यांनी घाईघाईने बिलात डोकं घातलं. क्षिप्राने, त्यांच्या लेकीने, पनवेलला कानांच्या डॉक्टरकडे दोनदा वेळ घेतली होती. एकदा सुपारीची काढणी आडवी आली, एकदा पाहुणे. तात्यांच्या मते त्यांच्या कानांना काहीच झालेलं नव्हतं. लोकच अलीकडे पुटपुटायला लागले होते.

"कमलेश," दुर्गाताई हळू आवाजात म्हणाल्या, "हा डाग रविवारी थांबतो."

"सुट्टी घेतो म्हणता, बाई?" कमलेश त्यांचाच विद्यार्थी. हसला, पण जरा जपून.

"दमट हवा रविवार पाळत नाही. पाऊस तर केव्हाच गेला. या घरात रविवार पाळते ती मी. त्या दिवशी पाण्याची मोटार मी लावते आणि टाकी भरली की बंद करते. बाकीचे दिवस मी शाळेत असते, तेव्हा हे लावतात."

"काय म्हणतेय ती?" तात्यांनी विचारलं.

"मोटार लावते म्हणतायत," कमलेश ओरडून म्हणाला.

"लाव की. त्याने काय बिल कमी होणार आहे?"

दुर्गाताईंनी सकाळीच भरलेल्या टाकीवर पुन्हा मोटार लावली आणि त्या येऊन बसल्या. तात्या बिलातल्या वॉटरप्रूफिंगच्या डब्यांवर आले, मग मजुरीवर. इतक्यात गच्चीवर धो धो आवाज सुरू झाला. कमलेशने वर पाहिलं. दुर्गाताईंनी वर पाहिलं. ओसरीतलं मांजर उठून आत गेलं. तात्या म्हणाले, "आणि मला सांग, ब्रशचे पैसे वेगळे कसे?"

"बाई," कमलेश हळूच म्हणाला, "मी तात्यांना तेव्हाच विचारलं होतं, टाकी भरून वाहते का. ते म्हणाले, वाहिली असती तर मला ऐकू आलं नसतं का?"

"आणि तू टाकीपाशी गेला नाहीस?"

"त्यांनी एवढं ठासून सांगितल्यावर..."

"मग पाहणी कशाची केलीस? यांच्या कानांची?"

कमलेशने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली.

तेवढ्यात मधल्या दगडी गडग्यावरून शेजारची सगुणा फावडं घेऊन आली. "आज संध्याकाळचं पाणी सोडलंत व्हय, काकी? म्हटलं, पाट वळवून घ्यावा सुपारीला."

"रोज येतं तुझ्याकडे पाणी?"

"रविवार सोडून. तुम्ही शाळंत गेलात की तात्या सोडतात. पार वेशीपर्यंत आवाज येतो. देवमाणूस हाय. म्हणून तर केळीचा घड देत असते मी."

सगुणाचा आवाज वाडीत कमावलेला होता, तो तात्यांपर्यंत पोचला. त्या घडांचं कारण आपला स्वभाव आहे, असं ते गावभर सांगत आले होते. ते उठून अंगणात आले आणि मान वर केली. टाकी भरल्यावर जादा पाणी बाहेर काढणाऱ्या पाइपाचा सांधा निसटला होता. निम्मं पाणी स्लॅबवर सांडत होतं, निम्मं सगुणाच्या वाडीत. ते पडताना त्यांना स्पष्ट दिसत होतं. आवाज मात्र कुठेच नव्हता.

दुर्गाताईंनी मोटार बंद केली. या क्षणाची त्या वाट पाहत होत्या, आणि आता तो आल्यावर त्यांना नवऱ्याच्या तोंडाकडे बघवेना.

कमलेशने घसा खाकरला आणि मोठ्याने हिशोब मांडला. "तात्या, तुम्हाला ऐकू येत असेल, तर टाकी वाहत नाही. म्हणजे पाणी स्लॅबमधून आलं आणि दुसरा हात लागलाच. आणि ऐकू..." तो दुर्गाताईंकडे बघून थांबला. "म्हणजे टाकीच असेल, तर दुसरा हात फुकट गेला. पाहणीही. दोन्ही मी काढून टाकतो. सांधाही बसवून देतो, त्याचे पैसे नकोत."

"आन आमच्या सुपारीला पाणी?" सगुणाने विचारलं.

तात्यांनी हातातलं बिल पाहिलं. मग वरचा पाइप पाहिला. पाइपातून आता शेवटचे थेंब पडत होते. दुर्गाताई काहीतरी बोलल्या. काय ते त्यांना कळलं नाही. हल्ली असं झालं की ते मान डोलावत. या वेळी डोलावली नाही. त्यांनी बिलाची घडी घालून कमलेशच्या खिशात ठेवली, आणि डोक्यावरचा भार उतरवून ठेवावा तसा लांब श्वास सोडला.

"दुर्गा," ते वेशीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "क्षिप्राला फोन लाव. म्हणावं, बाबा पनवेलला येतोय, कान दाखवायला."