हळद आनंदात पार पडली

अंबरनाथ पूर्वेच्या सोनसावली सोसायटीत चौऱ्याऐंशी बिऱ्हाडं आणि एक मेल-यादी होती. यादीवर कोणी मेल टाकली की ती चौऱ्याऐंशी घरांत पोहोचे आणि चौऱ्याऐंशी घरं भांडत. सचिव हरिचंद्र पाटील शांतताप्रिय गृहस्थ. त्यांनी आठवडाभर व्हिडिओ पाहून मेल आपोआप चाळणारी एक संगणकी स्क्रिप्ट लिहिली. येणारी प्रत्येक मेल आधी तिच्या हाताखालून जाई, मगच घराघरांत.

सुरुवातीला तिने सुप्रभात आणि सुविचार कचऱ्यात टाकले. कोणाची हरकत आली नाही, कारण दुसऱ्याचा सुविचार कोणी वाचतच नव्हतं. मग अपशब्दांची पाळी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या महिपतींची 'बेअक्कल सचिव, गच्ची गळतेय, दुरुस्त करा' ही मेल 'आदरणीय सचिव' होऊन पोहोचली. तरी गच्चीची तक्रार उरलीच. तेव्हा हरिचंद्रांनी कलम तीन जोडलं: प्रलंबित काम पूर्ण झाल्याचे दाखवावे. 'गच्ची दुरुस्त झाली' अशी मेल गेली. लोकांनी छताकडे पाहिलं, मेलकडे पाहिलं, खालची बादली जरा सरकवली आणि अभिनंदन कळवलं. अभिनंदनांचा पूर आल्यावर तीही कलम चारने परस्पर कचऱ्यात जाऊ लागली. शेवटी हरिचंद्रांनी छाती फुगवून लिहिलं: नियम सचिवासही लागू.

त्यातच त्यांच्या मुलीची, प्राचीची, हळद ठरली.

"अवो, हलदीचं आवतण दारात जाऊन द्याचं आसतं," बायको सुनेत्रा म्हणाली.

"सगळं ऑनलाइन असताना जिने कोण चढणार?" म्हणत त्यांनी यादीवर निमंत्रण टाकलं.

शनिवारी संध्याकाळी मांडव सजला, बँडवाले वाजवू लागले, दोन बोकडांचं मटण शिजलं. माणूस मात्र एक नाही. प्राची पाटावर बसून मांडवाच्या तोंडाकडे बघत होती. हरिचंद्र धावत शेजारच्या सगुणाबाईंकडे गेले.

"हळद? ती तर झाली ना!" सगुणाबाईंनी मोबाइल पुढे केला. 'मुलीची हळद आनंदात पार पडली. सर्वजण सहकुटुंब येऊन गेले.' "मी अभिनंदन पण पाठवलं. उत्तर नाही दिलंत ते?"

"पण तुम्ही आला नव्हता, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"मेलमध्ये आलंय म्हटल्यावर वाटलं, गेले असेन."

सुनेत्राने हळद-कुंकवाचा करंडा नवऱ्याच्या हातात कोंबला. हरिचंद्रांनी चारही मजले चढून दारोदार आवतण दिलं. तासाभरात मांडव भरला, प्राची हसली.

रविवारी महिपती जिन्यात तोंडावर म्हणाले, "रस्सा खारट. बसायला खुर्ची नाय. आता मेलच टाकतो!"

हरिचंद्र तेव्हा स्क्रिप्ट बंद करायलाच निघाले होते. बटणावर बोट ठेवलं आणि महिपतींची मेल आली: 'रस्सा उत्तम. बसायला भरपूर जागा.' त्यांनी ती दोनदा वाचली आणि हळूच बोट काढून घेतलं.

ही गोष्टही त्याच यादीवरून तुमच्याकडे आली आहे. कशी वाटली ते मोकळेपणाने कळवा. तुम्हाला ती फारच आवडल्याचं आमच्याकडे आधीच पोहोचलं आहे.