भोयरकाकांचे खरे वॅट

आमच्या हुडकेश्वरच्या कॉलनीत भोयरकाका भाजीला निघाले की ठेलेवाले गल्ली बदलतात. काकांच्या पिशवीत स्वतःचं एक किलोचं वजन असतं, सरकारी शिक्क्याचं. ते आधी ठेल्यावरच्या काट्यावर चढणार, मगच वांगी. काटा बरोबर निघाला तर काकांचा संशय आणखी वाढतो. "आज बरोबर आहे, म्हंजे काल नव्हता!"

बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते, त्याचा हा परिणाम. कोणी काहीही आकडा सांगो, काकांचा सवाल ठरलेला, "हा झाला सांगाचा. खरा किती?" माझ्या पोराला दहावीत ब्याऐंशी टक्के पडले, तेव्हा माझाच पेढा तोंडात ठेवून हेच विचारलं. मी अजून विसरलेलो नाही.

तर या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांनी उन्हाळ्यात आपल्या जुन्या गाडीच्या डिक्कीत पिंपाएवढा वूफर, म्हणजे दणदणाटी स्पीकर, आणून ठेवला. कॉलनीत कुजबुज सुरू. "म्हातारचळ, दुसरं काय!" माझी बायको म्हणाली. "आणि काकू पाहा, हाक मारली तर ओ देत नाहीत. भलत्याच शिष्ट झाल्या." कुठंतरी पाणी मुरतंय, असं मलाही वाटत होतंच.

एका सकाळी काका दारात. "गजानन, चाल. त्या वूफरले अॅम्प्लिफायर लागते म्हंते. एकटा गेलो तं लुटतीन मले."

"काका, या वयात कायले पाहिजे हे?"

"तुह्या काकूले रविवारी रामटेकले न्यायचं आहे. सहा महिने झाले, गाडीत पाय नाही ठेवून राहिली. हे बसलं तं येईन."

रामटेकच्या रामाला जायला वूफर कशाला लागतो, देव जाणे. पण गेलो.

दुकानदारानं खोका पुढं केला. "हजार वॅट, काका."

"खरे किती?"

दुकानदार चपापला. "म्हणजे... क्षणभर हजार. सतत वाजला तर दोनशे."

"पाह्य गजानन! किलोमागं आठशे ग्राम खाल्ले!"

"बरं, तुमचा वूफर किती ओमचा आहे?" दुकानदारानं विषय बदलला. "दोन ओम की चार ओम?"

काकांचे डोळे बारीक झाले. "ओम एकच असते बापा. धंद्यात देव आणला की समजावं, मापात पाप आहे." आणि तरातरा बाहेर. दुसऱ्या दुकानातही पहिला प्रश्न तोच, किती ओम? काका माझ्या कानाशी आले. "सारे मिळून आहेत."

आता माझं डोकं फिरलं. बाहेर नेऊन डिक्की उघडली आणि वूफरच्या पाठीवरची चिठ्ठी दाखवली. चारचा आकडा, पुढं घोड्याच्या नालेसारखी खूण. "हा ओहम, काका! वीज किती अडते त्याचं माप आहे ते!"

"माप आहे?" काका एकदम नरमले. "मंग आंधी काहून नाही सांगितलं?" परत आत जाऊन त्यांनी अदबीनं विचारलं, "चार ओमवर खरे वॅट किती देते?"

एक यंत्र तात्पुरतं गाडीला जोडलं. काकांनी खिशातून कापूस काढला, दोन्ही कानांत कोंबला, वरून हात दाबले आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "लाव!"

"काका, ऐकणार कसं?" दुकानदार ओरडला. काकांनी मान हलवली. "नाही. हालून नाही राहिलं. दुसरं लाव." दुसरं लावलं. तेही नाही. भर उन्हात तिसरं जोडायला निघाले तेव्हा मी ओरडलो, "कानात बोळे घालून गाणं ऐकायचं हे कोणतं शास्त्र आहे हो?"

काकांनी कापूस काढला. 

"तुह्या काकूले आयकू येत नाही गा. कानाची मशीन लावून पाह्यली, काही फायदा नाही. भजनी मंडळात ढोलक वाजवे, ते मंडळच सोडलं. म्हंते, गाडीत तुमचं तोंड हालताना दिसते, बाकी सुनं. कोणाले सांगू नोका म्हणून शपथ घातली मले. म्हटलं, कानाले नाही तं बुडाले तरी समजते का पाहू."

आम्ही काकूंना शिष्ट म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली. तिसरं यंत्र मीच उचलून गाडीपाशी नेलं.

रविवारी काकू फाटकातच अडून बसल्या. काकांनी हाताला धरून गाडीत बसवलं आणि भजन लावलं. मी गाडीपाशीच उभा होतो; आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. काकू दचकल्या, मग त्यांनी तळवा हळूच सीटवर टेकवला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळानं दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर पडायला लागली.

"अजी, ढोलक वाजून राहिलं!" काकू ओरडल्याच. आपला आवाज किती, हे त्यांना आता कळत नव्हतं. सगळी कॉलनी दारात आली.

त्यांची बोटं तालाच्या जराशी मागं पडत होती. मला दिसत होतं, म्हणजे काकांनाही दिसत असणारच. त्यांनी काच खाली केली. डोळे भरलेले होते.

"एकदम बरोबर वाजवून राहिली, नाही गा?"

"एकदम बरोबर, काका," मी म्हणालो.