बाणावर चाक

रस्त्यावर पांढऱ्या रंगाने बाण काढलेले असतात ना, ते पाळणारा अख्ख्या जयपुरात एकच माणूस आहे आणि तो नेमका माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. गोगटेसाहेब. विम्याच्या ऑफिसातून रिटायर. बायको वारली, मुलगी बंगलोरला.

मी चौथी शिकलेला. पण तीस वर्षं ट्रक चालवला, कोरेगाव ते कलकत्ता. मला रस्ता शिकवायला कोणी नको. तरी दर बुधवारी त्यांच्या गाडीतून न्हाव्याकडे निघालो की हे सुरू. "जगतापराव, बाणावर चाक ठेवलं म्हणजे शब्द दिला." म्हणजे डावीच्या बाणावर चाक पडलं की गाडी डावीकडेच वळणार, मग तुम्हाला काशीला का जायचं असेना.

एकदा टोंक रोडच्या चौकात एका बसने आम्हाला डाव्या पट्ट्यात दाबलं. न्हाव्याचं दुकान समोर दिसत होतं. न्हाव्याने हातसुद्धा केला. आम्ही गेलो सांगानेरला, पार शहराच्या टोकाला. परत फिरावं, तर वळायचा बाण कुठं काढलेला नव्हता. दाढी दुसऱ्या दिवशी झाली.

तेव्हापासून दोन चौक आधीच बरोबर पट्टा धरतात. पुन्हा एकदाही चुकले नाहीत, हे कबूल करतो. पण दुसऱ्याने चुकलेलंही त्यांना चालत नाही. पुढं कोणी भलत्या पट्ट्यात उभा दिसला की उतरायचं. "भाईसाहब, नीचे देखिए. तीर किधर का है?" एक रिक्षावाला म्हणाला, "बाऊजी, तीर के ऊपर तो मैं खड़ा हूँ. दिखेगा कैसे?" मागं भोंगे, आणि मी गाडीत मान खाली घालून.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाची बँकेतून साताऱ्याला बदली झाली. तो आणि सून सामानाबरोबर पुढं गेले, मी मागून रेल्वेने निघणार. कायमचा. म्हटलं, रिक्षा करतो. साहेब म्हणाले, "आठ वर्षं बरोबर हिंडलो, आणि जाताना रिक्षा?" मी पिशवी त्यांच्या डिकीत ठेवली.

निघताना मी बजावलं, "टोंक रोडला सरळ, स्टेशनकडे."

"मला सांगताय?"

चौक आला. दुपारची वेळ, मधला पट्टा रिकामा. साहेबांनी इंडिकेटर दिला आणि गाडी डावीकडे घेतली.

"साहेब, सरळ जायचंय."

"चाक पडलं."

"सिग्नल लाल आहे, मागं घ्या की."

"शब्द दिला, जगतापराव."

रेल्वे चुकली. सांगानेरपर्यंत मी तोंडाला येईल ते बोललो. शेवटी एका टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवली, चहा सांगितला आणि चष्मा पुसत बसले.

माझ्या डोळ्यांपुढून तो चौक जाईना. बसने दाबलेली गाडी हेलकावा खाते, तीस वर्षांत एवढं तरी मला कळतं. ही अलगद गेली होती. कोणी दाबलं नव्हतं.

"उद्याच्या गाडीत जागा मिळते का बघतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"उद्या बुधवार," मी म्हटलं. "आधी न्हाव्याकडे जाऊ."