आहे, पण आलेला नाही

गेल्या सोमवारपासून मी कार्यालयात आलेलो नाही, आणि माझ्या खुर्चीत मी बसलेलो असताना लोक येऊन तिच्यावर बसतात.

त्यांचाही दोष नाही म्हणा. रिकामी खुर्ची दिसली की माणूस टेकतोच. पहिल्या दिवशी भांडारातले कुंभोजकर आले. अंगाने भरभक्कम गडी. माझ्या मांडीवर ऐसपैस बसून त्यांनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं काढलं.

"कुंभोजकर, उठा," मी म्हटलं.

"साहेब, तुम्ही आलात की लगेच उठतो," ते म्हणाले, आणि एक आडवा शब्द अडला तो मलाच विचारला. मी सांगितला. त्यांनी लिहिला, पण आभार मानले नाहीत. न आलेल्या माणसाचे आभार कसे मानणार?

आमचं भूकंपनोंद केंद्र गावाबाहेरच्या टेकडीवर आहे. खालच्या रस्त्याने रिकामा ट्रक गेला तरी आमच्या यंत्रावरची रेघ हलते. या सगळ्या रेघा ज्या सर्व्हरवर साठतात तो मी सांभाळतो. माझं नाव मधुसूदन हसबनीस. स्वभाव तिरसट आहे असं लोक म्हणतात, आणि लोक क्वचितच खरं बोलतात, त्यातलं हे एक.

सोमवारी मस्टर बंद झालं आणि परिपत्रक आलं. सर्व्हरवर ज्याच्या लॉगिनची नोंद आहे, तो आला. ज्याची नाही, तो आला नाही. मी मान डोलावली. वाक्यं स्वच्छ होती, आणि त्या नोंदी काढून द्यायचं काम माझ्याचकडे होतं. काढल्या. सगळ्यांची नावं निघाली. चहाच्या कपांचा हिशेब चढवण्यापुरतं खातं दिलेल्या शिपाई हणमंताचंसुद्धा नाव निघालं. माझं निघालं नाही.

तेव्हापासून हणमंत माझ्या टेबलावरून किटली घेऊन पुढे जातो. "तुम्ही आल्यावर देतो, साहेब," म्हणतो. गरम चहाचा वास मात्र मागे ठेवून जातो, मेला.

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. पगाराची नाही, पगार काय, आज ना उद्या निघेलच. पण दिवसभरात ही चार माणसं माझ्याशी जे बोलतात तेवढंच माझं बोलणं. कुमुद, माझी बायको, गेल्यापासून दुसरं कुणी नाही. आता जो तो म्हणतो, आल्यावर बोलू. गुरुवारपर्यंत मी पंख्याशी बोलायला लागलो होतो, आणि पंखा ऐकून घेतोय असं मला वाटायलाही लागलं होतं.

शेवटी मी यास्मिन मुजावरला बोलावलं. ती आमच्याकडे नेटवर्क बघते. हुशार बाई, आणि नियमाला पक्की.

"सर, तुम्ही आलेला नाहीत, त्यामुळे मी तुमच्याशी बोलत नाहीये," ती म्हणाली. "सर्व्हरशी बोलतेय. तुम्ही ऐका."

"ऐकतो."

तिने एकेक तपासलं. नोंदींची फाइल जागेवर आहे? आहे. सर्व्हरला तिच्यात लिहायची परवानगी आहे? आहे. डिस्क भरलीय? छे, अर्धी रिकामी. हसबनीसांचं खातं बिघडलंय? ठणठणीत आहे. मग तिने 'लास्ट' ही आज्ञा माझ्या नावाने चालवली. कोण कधी आला आणि कधी गेला, हे ती आज्ञा सांगते. उत्तर आलं नाही. खाली फक्त फाइल कोणत्या तारखेपासून सुरू होते तेवढं आलं.

मग तिने 'हू' चालवली. आत्ता या घडीला कोण आत आहे, हे सांगणारी. तिथे माझं नाव एकदम वर होतं. शेजारी आत आल्याची तारीख होती.

यास्मिनने त्या तारखेवर बोट ठेवलं. "ही चार वर्षांपूर्वीची आहे," ती म्हणाली.

"बरोबर आहे. कुमुदचं तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी येऊन लॉगिन केलं."

"आणि लॉगआऊट?"

"केलंच नाही."

"घरी जाताना?"

"घरी गेलो नाही."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. सर्व्हरशी बोलत होती तरी बघितलं. बॅटरीच्या खोलीत घडीची खाट आहे, नळ आहे, डबा हणमंत आणतो. माणसाला आणखी काय लागतं? पहिले काही दिवस वाटलं, उद्या जाऊ. मग उद्या म्हणायचीही सवय गेली.

"असं झालंय," यास्मिन पडद्याकडे बघून म्हणाली. "ही फाइल येणं लिहिते आणि जाणं लिहिते. नुसतं बसून राहिलेल्याचं ती काही लिहीत नाही. आणि फार जुन्या नोंदी सर्व्हर आपोआप टाकून देतो. सरांचं येणं त्या जुन्या नोंदींत गेलं. त्यानंतर ते गेलेही नाहीत, आलेही नाहीत."

आम्ही तारळेकर मॅडमकडे गेलो. त्या केंद्राच्या प्रमुख. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, यास्मिनच्या तोंडून.

"म्हणजे हसबनीस आहेत, पण आलेले नाहीत," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"मग यायचं असेल तर त्यांना आधी जावं लागेल."

"त्यात काय," मी म्हटलं, "आत्ता लॉगआऊट करतो आणि लगेच लॉगिन करतो. चुटकीसरशी."

मॅडमनी चष्मा काढला. "लॉगआऊट झालेल्या माणसाला आवारात थांबता येत नाही, हसबनीस. इथे पावलाचा हादरासुद्धा यंत्रावर उमटतो, आणि तो कुणाचा ते मला वर कळवावं लागतं. आत नसलेल्या माणसाचं पाऊल मी कसं कळवू? संध्याकाळी जा. घरी राहा. सकाळी या."

"आणि नाही गेलो तर?"

"तर न आलेल्या माणसाची जागा भरावी लागेल. मलाही बरं वाटणार नाही. घरी कोण असतं तुमच्या?"

"कुणी नाही."

"मग अडचण काय आहे?"

"हीच," मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा परत लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की काय कोण जाणे, पण नियम नियम असतो आणि तो त्यांनी केलेला नव्हता.

संध्याकाळी मी लॉगआऊट केलं. पडदा कोरा झाला आणि वर एकच शब्द उरला, 'लॉगिन', आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ. चार वर्षांत हा शब्द मी पाहिला नव्हता. बॅटरीच्या खोलीतली खाट मिटली, पिशवी उचलली आणि टेकडी उतरलो. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, आणि मग काय? भिंतींच्या तोंडाकडे बघायचं?

आमच्या गल्लीत शेजारच्या खटावकर वहिनी पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला.

"अगं बाई! भावजी, तुम्ही बाहेर कसे?"

"वहिनी, मी चार वर्षं बाहेरच आहे."

"काहीतरीच काय बोलता! निघताना मला सांगून गेला होतात?"

"नाही."

"किल्ली ठेवलीत माझ्याकडे? दूध बंद करायला सांगितलंत?"

"नाही, वहिनी. त्या दिवशी मनच थाऱ्यावर नव्हतं."

"मग गेलात कधी?" त्यांनी मेथीची जुडी झटकली. "या गल्लीत शेजारी सांगितल्याशिवाय कुणी जात नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणजे तुम्ही घरातच आहात. दूध रोज आत जातं, दिवा रोज लागतो. जरा एकलकोंडे झालात, एवढंच. कडी वाजवा, आहेत आत."

मी दाराकडे पाहिलं. खरंच कुलूप नव्हतं. कडी वाजवली. आतून सपाता घासत येण्याचा आवाज आला, डावा पाय जरा जास्त घासणारा. माझाही घासतो.

दार मी उघडलं. म्हणजे आतल्याने. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, बाहीला उसवलेला सदरा, दाढी दोन दिवसांची. माझ्यापेक्षा थोडा वाळलेला वाटला. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

"आलात?" तो म्हणाला.

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"आलो," मी म्हटलं.

"हातपाय धुऊन घ्या, चहा टाकतो. साखर किती?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मी सोडलीय. तुमचं ठाऊक नाही."

दोन चमचे म्हटलं. चहा त्याने जास्त उकळला होता. आम्ही दोघेही मुळात बोलायला घुमे, त्यामुळे पहिला कप नुसता फुंकण्यात गेला. मग तो म्हणाला, कुमुदची शाल अजून खुंटीवर आहे, काढायला हात होत नाही. मी म्हटलं, राहू द्या. मग तो तिच्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलला, मी तिच्या हट्टीपणाबद्दल, आणि एका गोष्टीवरून आमचं चांगलं वाजलंसुद्धा. या घरात तिच्याबद्दल बोलायला त्यालाही कुणी नव्हतं. वाकळ त्याने मला दिली आणि स्वतः सतरंजीवर झोपला.

सकाळी त्याने डबा भरून दिला. मी बाहेर पडून वहिनींना सांगितलं, "वहिनी, ऑफिसला जाऊन येतो." त्या म्हणाल्या, "या हो." टेकडी चढलो, लॉगिन केलं, आणि मी आलो. हणमंताने कप भरून ठेवला. तारळेकर मॅडम दारात थांबून म्हणाल्या, "हसबनीस, कालच्या रेघांचं काय झालं?" इतका साधा प्रश्न, पण मी तो दोनदा ऐकून घेतला.

पाच वाजता मी लॉगआऊट केलं आणि रिकामा डबा पिशवीत टाकला. यास्मिनने मान वर केली.

"सर, निघालात? इतक्या वेळेवर?"

"निघायला हवं. घरी माणूस आहे."

"कोण, सर?"

"मीच आहे."

"मग थांबू नका," ती म्हणाली, "वाट बघत असतील."