सामाईक हंड्याचा बंदोबस्त

साम्यवाद माणसांत सापडला नाही, तर तो शब्दांत शोधणे हे जबाबदार पुढाऱ्याचे कर्तव्य ठरते. महायुद्धानंतर आमच्या स्विस खोऱ्याला असा पुढारी लाभला. वकील गुस्ताव रोशो जिनिव्हात साम्यवादाविरुद्ध इतके बोलले, की त्यांचा आवाज बसला. हवापालटाला म्हणून ते इकडे आले आणि निवडूनच आले.

खोऱ्यात एकही साम्यवादी नव्हता. (पोस्टमनवर संशय होता, पण त्याचे फक्त नाक लाल निघाले, तेही वाइनने.) वकीलसाहेब हिरमुसले. तेवढ्यात त्यांची नजर वेशीवरच्या पाटीवर गेली. आमच्याकडे गावाला आजे-पणजांपासून ‘कम्यून’ म्हणतात. वकीलसाहेबांनी पाटीकडे बोट रोखले. “अरे, शत्रू राजरोस पाटी लावून बसलाय!”

पाटी उतरली. मग गावची सामाईक भट्टी विझवण्यात आली. (सगळ्यांचे पाव एकाच आगीवर फुगत होते.) शेवटी चीजचा तांब्याचा हंडा उजेडात आला. उन्हाळाभर त्यात गावच्या साऱ्या गाईंचे दूध एकत्र व्हायचे आणि ज्याच्या-त्याच्या दुधाच्या हिशेबाने चीज वाटले जायचे. याहून ढळढळीत पुरावा कोणता?

ग्रामसभेत ठराव आला: हंडा कापून घरटी एकेक तुकडा द्यावा.

“विरोध असेल त्यानं खुशाल हात वर करावा,” वकीलसाहेब प्रेमाने म्हणाले. “फक्त नाव सांगावं.”

ठराव एकमताने मंजूर झाला.

विधवा क्लेमांसबाईकडे एकच गाय, फ्लोरेट. वाट्याचा तुकडा घेऊन ती वकीलसाहेबांसमोर उभी राहिली. “अहो साहेब, एका गाईच्या दुधात चीजची चकती होत नाही. हिवाळ्यात पोरांना काय हा पत्रा चाटायला देऊ?”

“बाई, हे स्वातंत्र्य आहे.”

“असेल हो. मीठ लावून खाता येतं का ते?”

बर्फ पडायच्या आत तिने फ्लोरेट विकली. मग इतरांनीही आपापल्या गाई विकल्या. सगळ्या वकीलसाहेबांच्या मेहुण्याने घेतल्या आणि नवा, मोठा हंडा बसवला. त्यात साऱ्या गाईंचे दूध पुन्हा एकत्र होते. चीज मात्र एकट्याचे, त्यामुळे तत्त्वाला बाध येत नाही. क्लेमांसबाई तिथेच मजुरीने फ्लोरेटचे दूध काढते. मला फार वाईट वाटते. पण ते मी माझ्या एकट्यापुरतेच ठेवतो.

आपण त्या सभेत असतो तर हात वर केला असता, असे तुम्हाला आता वाटत असेल. वाटलेच पाहिजे. फक्त नाव सांगा.