पागोट्यासुद्धां उंची, अथवा हैबती गार्डाच्या निवडीची हकीकत

श्रीकुलस्वामी साक्ष, ऐकिलें तें लिहिलें, पदरचें मीठ घातलें नाहीं. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं राजियांनी आज्ञा केली कीं, टोपलीचेंडूच्या सरकारी पथकांत गार्ड, म्हणजे चेंडू आपटीत नेऊन चाल रचणारा गडी, नाहीं. तरी पोर पारखून घ्यावें. मग हत्तीखान्यांतील हैबती ढमढेरे उमेदवार जाहला. निवड न होय तर जन्मभर मामाचे हाताखालीं लीद उचलणें, हें त्यास पक्कें ठाऊक. आणि दरबारीं उघडें डोकें अशुभ, म्हणोन उंची पागोट्यासुद्धां मोजावी ऐसा रिवाज. यास्तव पथकांत गडी बेताचे आणि पागोटीं उत्तुंग. हैबती तों बुटका. मग मामा तुकोजी यांनी माहुताचें सणाचें पागोटें त्याचे डोईवर चढविलें आणि बोलिले, "मान हलवूं नको रे भाच्या, आंत निम्मा पेंढा आहे."

मापनीस विसाजीपंत यांनी काठी लाविली आणि संतोष पावले. मग वैद्यराजांनी पाय पाहिले. म्हणाले, "खूर पाहोन बैल सांगतों. हा अजून वीतभर वाढेल." पंत बोलिले, "वर कीं आडवा?" दरबार हांसला. मग चेंडू दिधला. दोन पाउलें धांवतो तों पागोटें घसरोन नाकावर आलें. काढावें तर अपशकुन, न काढावें तर अंधार. परंतु हत्तीखान्याच्या धुळींत, हत्तींच्या पायांमधून, कानोशावर चेंडू नेणें हा त्याचा नित्याचा खेळ, म्हणोन पावलें ऐकत आडव्या आलेल्या दोघांस चुकविलें, आणि टोपलीखालील गडी "इकडे रे!" म्हणतांच त्या आवाजावर चेंडू फेंकिला, त्या गड्यानें झेलोन टोपलींत घातला.

राजे पुसते जाहले, "पंत, याची उंची काय?" "पागोट्यासुद्धां उत्तम, महाराज." "आणि पागोट्याविना?" पंत काठी पाठीमागें लपवूं लागले. मग राजियांनी प्रथम आपुला मंदिल उतरविला. महाराज हातभर खालीं आले, तें कोणी पाहिलें नाहीं. मग सर्वांचीं पागोटीं उतरलीं आणि सारें पथक हैबतीएवढेंच निघालें. पंत घाम पुशीत म्हणाले, "नियमाप्रमाणें कोणीच पुरा भरत नाहीं." राजे बोलिले, "मग ज्यास खेळतां येतें त्यास घ्या." मामा मागून ओरडले, "भाच्या, पागोटें टाकूं नको, माहुतास परत द्यावयाचें आहे!"

सारांश, हैबती गार्ड जाहला: हातीं चलाख, कानीं तिखट, उंचीस बेतास बात. वैद्यराजांची वीत अद्यापि यावयाची आहे. पाय मात्र वाढतच आहेत.